घरं मोजून दिवस आखा: नागपूरहून एकट्याने गाडीवर गावाकडच्या नातलगांकडे

नागपूरहून मोटरसायकल काढायची आणि पाच-सहा दिवसांत विदर्भातल्या मामा-मावश्या, काका, आत्या सगळ्यांना भेटून यायचं, असा बेत करणारा नवखा माणूस आधी नकाशा उघडतो. दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटर धरतो आणि प्रत्येक घरापुढे अर्धा तास लिहितो. हा हिशेब पहिल्याच दुपारी मोडतो, कारण गावात अर्ध्या तासाची भेट नसते. आधी पाणी, मग चहा, मग "जेवल्याशिवाय जाऊ देत नसतो", मग शेजारच्या काकूंकडे पुन्हा चहा, मग "चल, वावर पाहून येऊ". तीन तास कसे गेले ते कळत नाही आणि उरलेला रस्ता अंधारात कापावा लागतो. आडवं येणारं जनावर, पांढरे पट्टे नसलेला गतिरोधक, दिवा नसलेली ट्रॉली, चुकलेली वाट हे सगळं त्याच अंधारात भेटतं.

म्हणून किलोमीटर नंतर मोजा, आधी घरं मोजा. एका दिवसात दोन घरं पुरे: एक दुपारच्या जेवणाचं, एक मुक्कामाचं. मधे वाटेत एखादं चहाचं घर चालेल. असं धरलं की दिवसाचा प्रवास आपोआप १०० ते १३० किलोमीटरवर येतो आणि सूर्य मावळायच्या तासभर आधी मुक्कामाच्या अंगणात गाडी लागते.

केव्हा निघायचं

गाडीच्या दृष्टीने नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. रस्ते कोरडे, दुपार सुसह्य. पण तुम्ही गाडीला भेटायला जात नाही आहात, त्यामुळे त्या घरात त्या महिन्यात कोणतं काम चालू आहे हे आधी पाहा.

वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडे कापसाची वेचणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते आणि जानेवारीपर्यंत चालते. या दिवसांत सकाळी दहाला घराला कुलूप असतं आणि बायका संध्याकाळी पाचच्या पुढेच परततात. अशा घरी दुपारी बारा वाजता पोचलात तर कोणीतरी मजुरी बुडवून तुमच्यासाठी चूल पेटवेल. ते तुम्हाला बोलून दाखवणार नाहीत, म्हणूनच तुम्ही ते ओळखायचं आणि तिथे मुक्कामालाच जायचं. सोयाबीनची सोंगणी सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरभर असते, तेव्हा तर घरातलं लहान पोरही मोकळं नसतं. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या पूर्व भागात भाताची रोवणी जुलै-ऑगस्टात आणि कापणी साधारण नोव्हेंबरात. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या संत्र्याच्या पट्ट्यात आंबिया बहाराची तोडणी हिवाळ्याच्या सुरुवातीला आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चला येते. तोडणीच्या दिवसांत व्यापारी आणि मजूर दारात असतात. अशा वेळी पाहुण्याने तासाभरात निघालेलं बरं.

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धान-जंगलाच्या भागात, नातलग असतील तर एक खास सल्ला. दिवाळीनंतर तिकडे गावोगाव मंडई, म्हणजे गावाची जत्रा, भरते. त्या दिवशी लेकीबाळी, जावई, भाचे सगळे गावात येतात, रात्री नाटक असतं. एका मुक्कामात दहा घरांची भेट होते. झोपायला जागा मात्र ओसरीत, नाहीतर बाजेवर मिळेल ती. आमच्या मते नवख्याने पहिली फेरी मंडईच्या दिवसांतच करावी. ओळखी एकदम ताज्या होतात आणि पुढच्या वेळी कोणाकडे जायचं राहिलं हे आपोआप कळतं.

पोळ्याला जायचं असेल तर तोरणाखाली बैलं जमायच्या आधी गावात शिरा, किंवा पोळा फुटल्यावर. सजवलेल्या बैलांच्या रांगेजवळ हॉर्न आणि इंजिनाचा आवाज नको. गाडी गावाबाहेर उभी करून चालत जा.

मे महिन्यात लग्नं आणि शाळेच्या सुट्ट्या असल्याने सगळे घरी सापडतात, पण पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. जायचंच असेल तर पहाटे पाचला निघून साडेदहाला पहिल्या घरी थांबायचं आणि दुपारी साडेचारनंतरच पुन्हा गाडी काढायची. हवेचं तापमान अंगाच्या तापमानापेक्षा वर गेलं की गाडीवरचा वारा अंग थंड करत नाही, उलट उघड्या कातडीला तापवतो आणि घाम जमायच्या आत उडवून नेतो. म्हणून अर्ध्या बाहीचा शर्ट हा उन्हाळ्यातला चुकीचा कपडा आहे. पूर्ण बाहीचा सुती सदरा, त्यावर जाळीचं जॅकेट, डोक्याला-मानेला ओला दुपट्टा आणि वर हेल्मेट. दुपट्टा दर ३०-४० किलोमीटरला पुन्हा भिजवा. तासाला पाऊण-एक लिटर पाणी घोट घोट घ्या आणि दिवसातून दोनदा ओआरएस. डोकं दुखायला लागलं, लघवी गडद झाली किंवा घाम येईनासा झाला तर पुढचं गाव गाठायचा हट्ट नको. पहिल्या सावलीत थांबायचं.

वाट ठरवणं

पहिली गोष्ट: समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये वाहनाचा प्रकार दुचाकी निवडला नसेल तर वर्धा, कारंजा, वाशिमकडे जाताना ते तुम्हाला थेट समृद्धीच्या तोंडाशी नेऊन सोडतं आणि तिथून माघारी यावं लागतं. वर्ध्याला बुटीबोरीवरून, अमरावतीला कोंढाळी-तळेगाववरून जाणारे जुने रस्ते धरा. राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकीला टोल नाही, त्यामुळे नाक्यावर कडेच्या मोकळ्या लेनने निघायचं.

पाच दिवसांच्या फेरीचा एक नमुना देतो, आपापल्या गावांप्रमाणे बदला. पहिला दिवस नागपूर, उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी. दुसरा दिवस वैनगंगेचा पूल ओलांडून आरमोरी, गडचिरोली, मग मूलमार्गे चंद्रपूरच्या अलीकडे मुक्काम. तिसरा वरोरा, हिंगणघाट. चौथा वर्धा, आर्वी. पाचवा वरुडकडून काटोलमार्गे नागपूर. दुसऱ्या दिवशी जंगलाचा रस्ता आहे, म्हणून त्या दिवशी घरं कमी ठेवा.

गावाचं नाव लिहून घेताना तालुका आणि शेजारचं मोठं गाव दोन्ही लिहा. एकाच नावाची चार गावं एका जिल्ह्यात सापडतात. नावापुढचं बु. आणि खु. वगळू नका, बुद्रुक आणि खुर्द यांच्यामध्ये कधी नाला असतो आणि पावसाळ्यात तो ओलांडता येत नाही. नावापुढे रिठी असेल तर तिथे वस्तीच नसते, फक्त महसुली नोंद असते. नकाशा मात्र तुम्हाला निष्ठेने त्या ओसाड वावरात घेऊन जातो. घरच्यांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर ठिकाण मागवा, पण त्यासोबत तोंडी खूणही विचारा: मारुतीच्या देवळापासून कोणत्या हाताला, शाळेच्या आधी की पुढे. नेटवर्क गेलं की तीच खूण उपयोगी पडते.

तयार डांबरी रस्ता कुठपर्यंत आहे आणि पांदण (वावरांमधली कच्ची वाट) कुठून सुरू होते, हेही फोनवरच विचारून ठेवा. नकाशावर दोन्ही सारख्याच रेषा दिसतात.

फोन कसा करायचा

दोनदा करायचा. पहिला चार-पाच दिवस आधी, घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला. मामाच्या मुलाला परस्पर कळवून निघालात तर मामा-मामी काही म्हणणार नाहीत, पण मान राहत नाही. दुसरा फोन आदल्या संध्याकाळी, आणि त्यात एकच गोष्ट स्पष्ट सांगायची: "जेवायला येतो", "फक्त चहाला येतो" किंवा "मुक्कामाला येतो". "बघतो, जमलं तर येईन" असं सांगू नका. तेवढ्यावर तिकडे डाळ भिजत पडते आणि कोंबडा राखून ठेवला जातो. काही खात नसाल, उपवास असेल, मधुमेह असेल तर तेही आत्ताच सांगा. पानात वाढल्यावर सांगू नका.

याच फोनवर घरात काय घडलंय तेही कळून घ्या. तुम्ही मागच्या वेळी गेल्यानंतर त्या घरात कोणी वारलं असेल आणि तेव्हा तुम्ही जाऊ शकला नसाल, तर आता तिथे सर्वांत आधी जायचं, मिठाईचा डबा न घेता. थोडा वेळ नुसतं बसायचं, गेलेल्या माणसाविषयी त्यांना बोलू द्यायचं. चहा दिला तर घ्यायचा. इतर घरी आनंदाने जेवून शेवटी इथे उभं राहणं नातलग विसरत नाहीत. कोणाचं बाळंतपण झालंय, कोणाचं लग्न ठरलंय, कोणाशी बोलणं बंद आहे, हेही माहीत असू द्या. भाऊबंदकीत वावराचा वाद चालू असेल तर एका घरी मुक्काम आणि दुसऱ्या घरी चहा, दोन्ही ठिकाणी तेवढाच मनापासून. वादाबद्दल मत द्यायचं नाही.

गाडीची तयारी

निघायच्या आठ दिवस आधी सर्व्हिसिंग करा, आदल्या दिवशी नव्हे. नव्याने बसवलेलं काही ढिलं राहिलं असेल तर ते शहरातल्या रोजच्या ५०-१०० किलोमीटरमध्ये उघडं पडायला वेळ मिळतो.

इंजिन ऑइल कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच टाका. टायर थंड असताना हवा भरा: १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांना एकट्याने पुढे २५, मागे २८ पीएसआय. मागे सामान बांधलं की मागच्या टायरला ३२-३३. नेमका आकडा चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर चिकटवलेला असतो. हवा कमी ठेवली तर खड्ड्यात रिम वाकते, आणि गावाकडच्या रस्त्यांवर डांबराची कड तुटलेली असल्याने समोरून ट्रॅक्टर आला की गाडी खाली उतरवावी लागते, तेव्हा हे हमखास होतं.

चेनचा ढिलेपणा खालच्या बाजूला मधोमध तपासा. साधारण २० ते ३० मिलिमीटर हवा. अगदी ताठ केलेली चेन सामान लादल्यावर आणखी ताणली जाते आणि बेअरिंग खाते. दर ५०० किलोमीटरला चेनला वंगण द्या. धूळ किंवा चिखल झाला असेल तर त्याच संध्याकाळी कपड्याने पुसून ९० नंबरचं गियर ऑइल लावा.

क्लच वायर निघण्यापूर्वी नवी बसवा आणि जुनी, चालती असलेली वायर सोबत ठेवा. ती आधी बसलेली असल्याने मापाची खात्री असते. याशिवाय हे घ्या: एक स्पार्क प्लग आणि त्याचा पाना, गाडीला लागणारे दोन-तीन पाने, अ‍ॅक्सलच्या नटाचा पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, दोन फ्यूज, हेडलाइटचा बल्ब, इन्सुलेशन टेप, तांब्याची किंवा बाइंडिंगची तार दोन मीटर, चेनची एक लॉक-कडी. ट्यूबलेस टायर असेल तर पंक्चरच्या पट्ट्यांचा संच आणि छोटा पंप. ट्यूबचं टायर असेल तर मागच्या चाकाच्या मापाची एक ट्यूब आणि टायर उचकटायच्या दोन टॉमी. टायर स्वतःला खोलता येत नसेल तरी ट्यूब जवळ ठेवाच. आडगावच्या दुकानात काम करणारा हात मिळतो, पण तुमच्या मापाची ट्यूब नसते.

पेट्रोलचा नियम सोपा आहे: काटा अर्ध्यावर आला आणि पंप दिसला की टाकी भरा. आतल्या गावांत किराणा दुकानात बाटलीत पेट्रोल मिळतं, पण त्यात काय मिसळलंय याचा भरवसा नसतो. घ्यावंच लागलं तर पुढच्या पंपापर्यंत पुरेल एवढंच, एक लिटर.

लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी डिजिलॉकरमध्ये चालतात, पण फोन बंद पडला तर हाती काही नाही, म्हणून झेरॉक्स ठेवा. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचंच. गावाच्या वेशीपर्यंत ते डोक्यावरून काढायचं नाही.

सामान बांधताना परतीची जागा ठेवा

नवख्यांची नेहमीची गडबड म्हणजे जातानाच पिशव्या गच्च भरणं. गावाकडून येताना तुमच्या गाडीवर पाच किलो तांदूळ, दोन किलो तूरडाळ, लोणच्याची बरणी, मिरची, हंगाम असेल तर संत्री हे सगळं चढणार आहे. नाही म्हणायचा उपयोग नाही आणि म्हणूही नये. कपडे तीनच जोड, एका पिशवीत. दुसरी पिशवी जाताना जवळपास रिकामी, तीत फक्त भेटी.

भेटी जड नकोत आणि नाजूकही नकोत. संत्रा बर्फी हिवाळ्यात उत्तम, उन्हाळ्यात डिक्कीत ती विरघळते. चिवडा, फरसाण चालतं, पण प्रत्येक घराची वेगळी पुडी करा, एकाच मोठ्या पाकिटातून काढून देऊ नका. आजी-आजोबांना सुती टॉवेल, टोपी, शाल असं घडी होणारं काही. मुलांना वह्या, पेन, रंगपेटी. चॉकलेट उन्हात चिखल होतं. चहापत्ती आणि साखर नेण्यात कमीपणा नाही, उलट ती लगेच वापरात येते. हुशारी म्हणून दारूची बाटली मुळीच नेऊ नका. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत, तिथे ती बाळगणं गुन्हा आहे आणि मोसाजींच्या (मावशीच्या यजमानांच्या) प्रेमाखातर हे पोलिसांना समजावता येत नाही. चंद्रपूरची २०१५ मधली बंदी २०२१ मध्ये उठली, पण नमुन्यातल्या फेरीत तुम्ही दोन्ही बंदीच्या जिल्ह्यांतून जाताच.

जड वस्तू खाली आणि मागच्या चाकाच्या अक्षाच्या पुढे बसल्या पाहिजेत. पाच किलो तांदूळ कॅरिअरच्या टोकाला बांधला तर पुढचं चाक हलकं होतं आणि रेतीवर गाडी डोलते. तांदूळ आणि डाळ दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत वाटून टाका. लोणच्याच्या झाकणाखाली प्लास्टिकचा दुहेरी तुकडा घालून झाकण आवळा, बरणी कपड्यात गुंडाळून उभी ठेवा. लवचीक दोरीच्या जोडीला एक साधी नायलॉनची दोरी हवीच. लवचीक दोरीचा हुक खड्ड्यात सुटला तर थेट चेनमध्ये किंवा आरांमध्ये जातो. पहिल्या दहा किलोमीटरनंतर थांबून सगळ्या गाठी पुन्हा ओढून पाहा.

रस्त्यावर

हंगामाप्रमाणे धोके बदलतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात डांबरी रस्त्यावर सोयाबीन आणि धान वाळत घातलेलं असतं. त्याच्या कडेला दगड किंवा काट्या ठेवलेल्या असतात आणि वळणावर त्या ऐनवेळी दिसतात. सोयाबीनच्या दाण्यांवर ब्रेक लावला की चाक घसरतंच. कुटाराचा (मळणीनंतरच्या भुशाचा) थर त्याहून फसवा, वरून कोरडा आणि खाली गुळगुळीत. वेग आधीच कमी करा, थरावर असताना ब्रेकला हात लावू नका, सरळ निघून जा. कापसाने भरलेल्या बंड्या (बैलगाड्या) आणि ट्रॉल्या बहुतेक रस्ता व्यापतात आणि मागे दिवा नसतो. ओव्हरटेक करताना त्यांच्या कडेने लोंबणाऱ्या दोऱ्यांकडे लक्ष ठेवा.

पावसाळ्यात काळी माती हा सर्वांत मोठा विषय आहे. भिजलेली काळी माती चाकाला चिकटते, मग मडगार्ड आणि टायरच्या मधे भरत जाते आणि शे-दोनशे मीटरमध्ये पुढचं चाक जाम होतं. तिथे रेस दिली तर चाक हलत नाही, क्लच प्लेटा मात्र जळतात. जळका वास आला की लगेच थांबा. गाडी बाजूला घेऊन काडीने माती उकरून काढा. फार भरली असेल तर पुढच्या मडगार्डचे बोल्ट सोडून ते काढूनच टाका आणि पिशवीवर बांधा. सर्वांत शहाणपणाचं म्हणजे पाऊस पडून गेला असेल तर डांबर संपतं तिथेच गाडी लावणं. जवळच्या घरी सांगून ठेवा आणि नातलगांना फोन करून शेवटचा तुकडा पायी जा. यात कोणालाच कमीपणा वाटत नाही, गावातली माणसंही पावसात तेच करतात.

रपट्यावरून (नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून) पाणी वाहत असेल तर थांबायचं. पाणी घोट्याएवढं दिसलं तरी खालचा रस्ता शाबूत आहे की नाही हे वरून कळत नाही, आणि वाहतं पाणी गाडीला आडवं ढकलतं. गावातला माणूस बंडी घालून गेला म्हणून आपण जाऊ नये. नाल्याचं पाणी बऱ्याचदा दोन-तीन तासांत उतरतं. विजा कडाडत असतील तर झाडाखाली उभं राहू नका, एसटीचा निवारा, शाळा किंवा कोणाचंही घर गाठा. दार वाजवून "पाऊस उघडेपर्यंत बसू का?" असं विचारलं तर नाही म्हणणारं घर विदर्भात क्वचितच भेटेल.

ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला, नवेगाव-नागझिरा यांच्या आजूबाजूच्या रस्त्यांवर सूर्यास्तानंतर गाडी चालवायची नाही. वाघाची भीती सगळे घालतात, पण गाडीला धडक बहुधा रानडुक्कर, रोही (नीलगाय) किंवा चितळाची होते. एक जनावर रस्ता ओलांडून गेलं की लगेच वेग घेऊ नका, मागे कळप असतो. मार्च ते मे हा मोहफुलं आणि तेंदूपत्ता गोळा करायचा काळ. पहाटे लोक रस्त्याकडेच्या जंगलात वाकून काम करत असतात, त्यांच्यासाठीही वेग कमी ठेवा. लघवीला म्हणून झुडपात आत शिरू नका, गावाजवळ किंवा पंपावर थांबा.

गावात शिरल्यावर

वेशीपासून गाडी पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये, हेल्मेटची काच वर. घर सापडत नसेल तर पानठेल्यावर विचारा. "कोणाकडचे पाहुणे?" हा प्रश्न येणारच. तुमचं नाव तिथे कोणाला माहीत नसतं, म्हणून नात्याने सांगा: अमक्याचा भाचा, अमक्याच्या लेकीचा मुलगा. यजमान तरुण असेल तर त्याच्या आजोबांचं नाव घेतल्यावर वाट लवकर सापडते. समोरचा राम राम, जय भीम किंवा जय सेवा म्हणेल, तोच शब्द हात जोडून परत द्या.

अंगणात गाडी लावताना काळ्या मातीत साइड स्टँड रात्रीतून रुततो आणि सकाळी गाडी आडवी सापडते. स्टँडखाली चपटा दगड किंवा फळी ठेवा. धान्याच्या खळ्यावर, तुळशीसमोर, जनावरांच्या कोठ्याच्या दारात लावू नका. गाडी पाहून पोरं धावत येतात, तेव्हा सायलेन्सरची बाजू भिंतीकडे करा आणि "हे तापलं आहे" असं दाखवून सांगा. चटका बसलाच तर वीसेक मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरायचं. टूथपेस्ट, हळद, शाई काही नाही. पोरांना चक्कर मारायची असते, एकेकाला, गल्लीपुरती, हळू. किल्ली मात्र खिशातच. कोणी "जरा दुकानापर्यंत जाऊन येतो" म्हणून गाडी मागितली तर "चल, मीच नेतो" हे उत्तर कोणाला लागत नाही.

बूट ओसरीच्या खाली काढा आणि सोबत आणलेली चप्पल घाला. रायडिंगचे बूट घातले-काढले करत पाच घरी जाणं होत नाही. आधी हात-पाय धुवा, मग वडीलधाऱ्यांच्या पाया पडा. आजी, मोठे बाबा, मोठी आई असतील तर आधी त्यांच्या, मग काका-काकू. पाण्याचा तांब्या समोर आला की घोटभर तरी घ्या. पोट नाजूक असेल तर जास्त पिऊ नका आणि चहावर भागवा. पश्चिमेकडे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पाणी मुळातच खारट असतं, ते नासलेलं समजू नका.

दोन घोट जास्त चहा झाला तरी चालतो, पण एका घरी घेऊन दुसऱ्या घरी नाही म्हणणं चालत नाही. सुरुवातीलाच "अर्धा कप" म्हणा आणि तेवढाच पूर्ण प्या. जेवणात पहिल्या वाढीला थोडं घ्या, कारण दुसरी वाढ तुमच्या होकाराची वाट पाहत नाही. वडा-भात, पाटोडीचा रस्सा, रोडगे-वांग्याची भाजी हे सगळं दुपारी पोटभर झालं की निघायच्या आधी अर्धा-पाऊण तास बाजेवर पडा. जेवून लगेच उन्हात गाडीवर बसलं की डुलकी येते आणि एकट्याला जागं करणारं मागे कोणी नसतं.

मुक्कामाच्या घरी रात्री यजमान ओलिताला वावरात जाणार असेल तर त्याच्यासाठी जागं राहू नका. शेतीच्या पंपाची वीज पाळीने येते आणि रात्रीची पाळी त्याला चुकवता येत नाही. सोबत जायचं असेल तर त्याच्या मागोमाग, टॉर्च घेऊन. एकट्याने धुऱ्यावरून (वावराच्या बांधावरून) फिरायचं नाही, रानडुकरांसाठी तारेत वीज सोडलेली असू शकते. मच्छरांसाठी मलम किंवा छोटी जाळी ठेवा, गडचिरोलीकडे तर नक्कीच. सकाळी बूट घालण्याआधी उलटे करून आपटा, हेल्मेट आणि हातमोजेही झटका. विंचू तिथे बसतो. साप चावला तर दोरी बांधणं, कापणं, चोखणं काही करू नका. हात किंवा पाय हलू न देता, वेळ लक्षात ठेवून थेट ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसह कुठल्याही तातडीला ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३.

मुक्काम एका घरी एकच रात्र. निघताना आजी हातावर पन्नास-शंभर ठेवतील, ते परत करायचे नाहीत, पाया पडून घ्यायचे. तुम्ही मात्र घरातल्या मुलांच्या हातावर काहीतरी ठेवा, मोठ्यांच्या नजरेआड नको. यासाठी दहा, वीस, पन्नासच्या नोटा नागपूरहूनच आणा. निघायची वेळ आदल्या रात्री सांगा आणि त्यात नाश्त्याचा एक तास धरा, कारण पोह्यांशिवाय सुटका नाही. सात म्हणाल तर साडेआठला निघाल.

पुढच्या घरी पोचलात की मागच्या घरी फोन, फक्त "पोचलो" एवढं सांगायला. एकट्याच्या प्रवासात हीच तुमची नोंदवही आहे. दुपारी दोनला पोचायचा माणूस पाचपर्यंत पोचला नाही हे दोन घरांना एकाच वेळी कळलं, तर शोधणारे दोन्हीकडून निघतात. त्यासाठी सकाळी निघताना वाट बदलणार असाल तर तीही सांगून जा.

नागपूरला परतल्यावर गाडीची काळी माती त्याच दिवशी धुवा. वाळली की ती चेन, ब्रेकचे ड्रम आणि रेडिएटरच्या जाळीत दगडासारखी बसते. धुतल्यावर चेनला वंगण, आरे किंवा रिम तपासणं, ब्रेक शू पाहणं. तांदूळ-डाळ लगेच डब्यात भरू नका. पिशवीला प्रवासात ओल लागलेली असते, एक दिवस कडक उन्हात घाला, नाहीतर पंधरा दिवसांत त्यात सोंडे होतात.